कार्यस्थळावरील नवप्रवर्तनाचे संशोधन : मापन कोणाचे?

कार्यस्थळावरील नवप्रवर्तन हा व्यवस्थापनशास्त्रातील प्रतिष्ठित अभ्यासविषय होय. सुझान स्कॉट व रेजिनाल्ड ब्रूस यांच्या १९९४ च्या निबंधाने त्यास सहा विधानांची मापनश्रेणी दिली. ती एका मोठ्या अमेरिकन उद्योगातील संशोधन विभागाच्या अभियंते, शास्त्रज्ञ व तंत्रज्ञांसाठी होती आणि गुण देणारे त्यांचे वरिष्ठ होते. कर्मचारी नव्या कल्पनेसाठी निधी मिळवितो काय, हेही त्यात विचारले आहे. त्या विभागापुरते हे योग्यच. शिवाय वरिष्ठांचे मत शोधांच्या नोंदींशी ताडून पाहण्याची दक्षता लेखकांनी घेतली होती. श्रेणी उसनी घेताना ही दक्षता मागे राहते, हे खरे दुखणे आहे.

ही श्रेणी धर्माबादच्या मिरची बाजारात नेल्यास काय होईल? देठ खुडणाऱ्या स्त्रीचा ‘वरिष्ठ’ म्हणजे मुकादम. त्याला दिसते ती भरलेली पोती; हात कमी पोळावेत म्हणून तिने बदललेली रीत त्याच्या लेखी कामचुकारपणाही ठरू शकते. निधीचा प्रश्न तर तिला थट्टाच वाटेल. त्यात हा तेलंगणाला लागून असलेला तालुका. अनेकांची घरची भाषा तेलुगू. ‘नवप्रवर्तनाचे प्रमाण अल्प’ असा निष्कर्ष निघेलही, परंतु तो मजुरांविषयी नसून प्रश्नावलीविषयी असेल.

अँडरसन, पोटोच्निक व झोऊ यांनी २०१४ मध्ये २००२ ते २०१३ या काळातील संशोधनाचा आढावा घेतला. कल्पना सुचणे व ती अमलात आणणे या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था त्यांनी मानल्या. या व्याख्येत दादाजी खोब्रागडे चपखल बसतात. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (मराठवाड्यातील नांदेडशी केवळ नामसाम्य) या गावच्या या अल्पशिक्षित शेतकऱ्याने १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानातील वेगळ्या लोंब्या हेरल्या, निवडीने नवा वाण सिद्ध केला आणि त्यास घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. त्यांना गुण देणारा वरिष्ठ मात्र कोणीच नव्हता.

२००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रतिष्ठानामागे अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कची रीत आहे : शोधयात्रेत गावोगाव पायी जायचे, कल्पना ज्याची त्याच्या नावाने नोंदवायची आणि ती त्याच्याच भाषेत त्याच्याकडे परत न्यायची. धर्माबादच्या बाजारात अशी नोंद करावयाची, तर ती तेलुगूतही लिहावी लागेल.