‘कोर्ट’मधला जामीन आणि न्यू जर्सीचं घड्याळ

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) इथल्या मराठी मंडळींत ‘आपल्याकडे खटले किती रखडतात’ याचा दाखला म्हणून निघतो. मला तो मुळात जामिनावरचा चित्रपट वाटतो. तसा पाहिला की त्याची ताकद दिसते आणि एक पळवाटही.

लोकशाहीर नारायण कांबळे यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली, असा आरोप. मृताची पत्नी साक्ष देते आणि आरोपातली हवा निघून जाते. जामीन मिळतो, पण लवकरच यूएपीएखाली पुन्हा अटक होते आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. दिवे मालवतात, रिकामी खोली अंधारात बराच वेळ दिसत राहते. निकाल आपल्याला कळतच नाही. कांबळेंची शिक्षा मात्र केव्हाच सुरू झालेली असते.

गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील तर अप्रतिम. तिच्या विरोधात द्वेष नाही, उरकायची घाई आहे. संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करायचाय.

पण यानंतर कॅमेरा न्यायाधीशांच्या मागे रिसॉर्टवर जातो, आणि आपला राग एका माणसावर निघतो. यूएपीएचं कलम ४३-डी(५) सांगतं, आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. तिथे शहाण्या न्यायाधीशाचेही हात बांधलेले असतात. शिवाय कांबळे निर्दोष आहेत हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. जामिनाच्या तत्त्वाची परीक्षा अशा आरोपीवर होत नाही. समोर खुनाचा आरोपी असावा, आणि खरं काय ते कुणालाच ठाऊक नसावं.

‘कोर्ट’ व्हेनिसला गाजला त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, न्यू जर्सीच्या मतदारांनी जामिनाबाबत राज्यघटना बदलली. १ जानेवारी २०१७ पासून इथे पैशांचा जामीन जवळपास संपला. आमच्या पिस्कॅटवेचे गंभीर खटले न्यू ब्रन्सविकला चालतात. तिथे आरोपीचं वय, आधीच्या शिक्षा, तारखांना गैरहजेरी अशा नऊ गोष्टींवरून गुण काढतात. सरकारी वकील कोठडी मागू शकतो. खुनाच्या आरोपात तर कोठडी गृहीतच धरली जाते आणि ती खोडून काढायची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे इथला कायदा काही मवाळ नाही. फक्त कोठडीसोबत घड्याळ लावलंय: ९० दिवसांत आरोप निश्चिती, त्यापुढे १८० दिवसांत खटला. घड्याळ थांबवायच्या सबबी कायद्यातच आहेत आणि त्या वापरल्याही जातात. तरी प्रत्येक थांबलेल्या दिवसाचा हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो. ‘कोर्ट’मधल्या सुट्टीचा हिशेब कुणी मागत नाही.

ताम्हाणेंनी टाळलेला आरोपी सर्वोच्च न्यायालयासमोर आला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये, के. ए. नजीब खटल्यात. केरळमध्ये २०१० साली एका प्राध्यापकाचा हात तोडला गेला, त्या हल्ल्यातला हा आरोपी. कायदा तोच, यूएपीए. पाच वर्षांहून अधिक तुरुंगवास झालेला आणि २७६ साक्षीदार अजून तपासायचे होते. न्यायालयाने त्याचा जामीन कायम ठेवला. यावर कुणी चित्रपट काढला, तर कांबळेंसाठी हळहळणारे आपण किती जण तो शेवटपर्यंत बघू, मला शंका आहे.