‘अ लेग टू स्टँड ऑन’ आणि न्यूरो-फिजिओथेरपीचे निवासी प्रशिक्षण : एक चिकित्सक वाचन

ऑलिव्हर सॅक्स या मज्जाविकारतज्ज्ञाचे ‘अ लेग टू स्टँड ऑन’ हे पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टरच रुग्ण झाल्याची कथा म्हणून ते सामान्यतः वाचले जाते. तथापि या पुस्तकात आणखी एक विषय दडलेला आहे. रुग्णाला पुन्हा उभे राहण्यास व चालण्यास शिकविणाऱ्या व्यक्तीचे ज्ञान कोणत्या स्वरूपाचे असते, हा तो विषय होय. असे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जाते, हा न्यूरो-फिजिओथेरपीच्या निवासी प्रशिक्षणाचा मूळ प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात सॅक्स यांच्या पुस्तकाचा विचार या अंगाने केला आहे.

१९७४ साली नॉर्वेतील डोंगरात एकट्याने फिरत असताना एका बैलापासून पळताना सॅक्स कोसळले आणि त्यांच्या डाव्या मांडीच्या पुढील स्नायूचा कंडरा तुटला. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. सांधणी उत्तम झाली. पाय मात्र परका झाला. तो आपला आहे असे त्यांना वाटेना, स्नायू आवळण्याची इच्छा करावी तर ती इच्छाच कोठे पोहोचेना. शल्यचिकित्सकाच्या लेखी कंडरा जुळला होता, त्यामुळे अशा तक्रारीला जागाच नव्हती. शरीराचा अवयव आणि त्या अवयवाचे मेंदूतील भान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे सॅक्स यांनी फार प्रभावीपणे दाखविले आहे.

या पुस्तकातील कळीचा प्रसंग पहिल्या पावलाचा आहे. दोन फिजिओथेरपिस्टांच्या आणि कुबड्यांच्या आधाराने सॅक्स उभे आहेत. सुरुवात करा, असे त्यांना सांगितले जाते. परंतु सुरुवात कशी करतात हेच त्यांच्यापाशी उरलेले नाही. सूचना समजते, पाय समजत नाही. अखेर त्यांतील एकीने काही न बोलता स्वतःच्या पायाने त्यांचा डावा पाय हलविला. तोल सावरण्यासाठी शरीराने आपोआप प्रतिसाद दिला आणि चालण्यास प्रारंभ झाला. पुढे मेंडेल्सोनची व्हायोलिन रचना मनात वाजू लागून चालण्याला लय कशी आली, हे सॅक्स यांनी रंगून लिहिले आहे. वाचकांच्या लक्षात राहते तेही संगीतच. त्या मूक कृतीच्या वाट्याला मात्र मोजकी वाक्ये आली आहेत आणि शेवटी लेखक कांटच्या तत्त्वज्ञानाकडे वळतो. ही या पुस्तकाची मोठी उणीव मानावी लागते. तत्त्वज्ञान जेथे घडले, तेथून लेखक घाईने निघून गेला आहे.

अशी कृती शिकविता येते काय? या शाखेने दीर्घकाळ त्याचे उत्तर घराण्यांच्या मार्गाने दिले. १९६६ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ‘न्युस्टेप’ हा अभ्यासप्रकल्प झाला, तेव्हा बोबाथ, ब्रुनस्ट्रॉम, रूड, कबात–नॉट अशा व्यक्तिनामांनीच उपचारपद्धती ओळखल्या जात होत्या. गायकीप्रमाणेच येथेही हाताची जाण समोर बसून मिळे. त्याचबरोबर गुरूने सांगितले हाच पुरावा ठरे, हा दोषही आला. कार आणि शेफर्ड यांनी १९८२ साली पक्षाघातानंतर हालचाल नव्याने शिकण्याचा कार्यक्रम मांडला. १९९० च्या ‘स्टेप’ परिषदेत विचाराचा भर निश्चितपणे हालचालींच्या नियंत्रणाकडे वळला. घराण्यांची पकड सैल झाली, हे इष्टच झाले.

अमेरिकेत फिजिओथेरपीतील विशेषज्ञ प्रमाणपत्रांसाठी १९७८ साली स्वतंत्र मंडळ स्थापन झाले व मज्जाविकार शाखेतील पहिली प्रमाणपत्रे १९८७ साली दिली गेली. त्या परीक्षेस बसण्याचे मार्ग दोन : या शाखेतील रुग्णोपचाराचे २००० तास, अथवा मान्यताप्राप्त निवासी प्रशिक्षण. (‘निवासी’ हा शब्द फसवा आहे, रुग्णालयात राहणे त्यात अभिप्रेत नाही, आणि व्यवसाय करण्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचेही नाही.) अलीकडील निकषांनुसार निवासी प्रशिक्षणात किमान १५०० तास रुग्णोपचाराचे व ३०० तास अध्ययनाचे असतात. रुग्णोपचाराच्या तासांपैकी १५० तास अनुभवी मार्गदर्शकाच्या एकास-एक सान्निध्यात घालवावे लागतात.

या प्रशिक्षणाचे खरे मोल त्या १५० तासांत आहे. उरलेले पुष्कळसे ग्रंथांतून व सरावातून मिळू शकते. एकट्याने २००० तास काम करणारा एखादी चूकही २००० तास निष्ठेने गिरवू शकतो. त्याचा हात पाहणारे शेजारी कोणी नसते. शेवटी होणारी परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. न बोलता पाय नेमका केव्हा सरकवावा, हे अशा प्रश्नात बसत नाही. म्हणूनच मार्गदर्शनाचे तास केवळ नोंदवहीत भरले गेले, तर संपूर्ण रचना पोकळ होते.

परंतु सान्निध्य म्हणजे पुन्हा घराणे नव्हे. मार्गदर्शकाने करून दाखवावे, शिकणाऱ्याने उचलावे, एवढ्यावर थांबले तर जुनाच दोष परत येईल. पाय आत्ताच का सरकविला, मांडीला हात का लावला नाही, रुग्णाने प्रतिसाद दिला नसता तर पुढे काय, हे शिकणाऱ्याने विचारले पाहिजे आणि मार्गदर्शकाला शब्दांत सांगावे लागले पाहिजे. मूक कृतीला भाषा देण्याचे हे काम अवघड आहे, आणि सॅक्स यांच्यासारखा शब्दप्रभू तेथे उपस्थित असूनही ते झाले नाही. आपल्या अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी त्यांनी मॉस्कोतील लुरिया यांच्याशी पत्रव्यवहार केला. जिने पाय सरकविला, तिला त्या क्षणी काय दिसले होते, या प्रश्नापाशी मात्र त्यांची लेखणी थांबत नाही.