एन्झाइम सापडलं, पण ते बनवलं कुणी?

मार्कंडा-चामोर्शीकडच्या एखाद्या शाळेत तुम्ही शिकला असाल, तर सिकलसेलची तपासणी तुम्हाला नवी नसेल. आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळी गढूळ झाली की सिकल हिमोग्लोबिन आहे असं धरतात. पण तेवढ्यावरून कुणी 'आजार' लिहीत नाही, कारण वाहकाचं रक्तही गढूळ होतं आणि रुग्णाचंही. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस केलं की कुठलं हिमोग्लोबिन किती आहे ते कळतं. पहिली चाचणी 'काहीतरी आहे' एवढंच सांगते. ते नेमकं काय आहे, हे दुसरी सांगते.

हा फरक डोक्यात ठेवून आज एक गाजलेला पेपर वाचू. ऑक्टोबर १९७१ मध्ये कार्ल मेरिल, मार्क गायर आणि जॉन पेट्रिच्चियानी यांनी तो 'नेचर'मध्ये छापला. गॅलॅक्टोसेमिया या आजारात ट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे दुधातल्या साखरेतला गॅलॅक्टोज शरीराला नीट वापरता येत नाही. बाळाच्या यकृताला, डोळ्यांना आणि मेंदूला इजा होते. या संशोधकांनी अशा रुग्णाच्या फायब्रोब्लास्ट पेशी घेतल्या. ई. कोलाय जिवाणूची गॅलॅक्टोजसाठीची जनुकं वाहून नेणारा लॅम्डा फेज त्यांनी या पेशींवर सोडला. नंतर पेशींत ट्रान्सफरेजची क्रिया दिसली, असा त्यांचा दावा होता. चालू ट्रान्सफरेज जनुक नसलेल्या फेजने ती दिसली नाही.

वाचताना अंगावर काटा येतो हे खरं. रिकॉम्बिनंट डीएनएचं तंत्र अजून हातात आलं नव्हतं आणि जिवाणूच्या जनुकाने माणसाच्या पेशीची उणीव भरून काढली म्हणे! पण इथेच थांबा आणि विचारा: नळी गढूळ झाली, पुढे काय?

पहिला प्रश्न: हे एन्झाइम पेशीने बनवलं, की बाहेरून आलं? फेज वाढवतात ई. कोलायमध्येच. जिवाणू फुटून जे द्रावण मिळतं, त्यात फेजसोबत जिवाणूची प्रोटीनं असू शकतात. म्हणून कंट्रोलचा फेज कुठल्या जिवाणूत वाढवला आणि किती शुद्ध केला, ते पेपरच्या 'पद्धती' विभागात शोधायचं. मोजणी किती दिवसांनी केली, तेही बघायचं. बाहेरून आलेलं प्रोटीन दिवसागणिक घटत जातं. पेशी स्वतः बनवत असेल तर ते टिकतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. माणसाच्या पेशीला जिवाणूचं जनुक वाचता येईल का? जनुक कुठून वाचायला घ्यायचं, ही खूण जिवाणूत वेगळी असते आणि आपल्या पेशीत वेगळी. शिवाय ई. कोलायमध्ये ही जनुकं एकाच आरएनएवर ओळीने येतात: आधी गॅल-ई, मग गॅल-टी, मग गॅल-के. ट्रान्सफरेजचं जनुक म्हणजे गॅल-टी, रांगेत दुसरं. जिवाणूचा रायबोसोम मधूनही सुरुवात करू शकतो. आपला रायबोसोम बहुतेक वेळा आरएनएच्या टोकापासून सरकत येतो आणि पहिल्या योग्य खुणेपाशी कामाला लागतो, हे मारिलिन कोझाक यांनी १९७८ पासून मांडलं. मग दुसऱ्या जनुकापर्यंत तो पोहोचला कसा? या प्रश्नाला त्या निकालाकडे समाधानकारक उत्तर नाही. आणि इतर प्रयोगशाळांना तो निकाल भरवशाने पुन्हा दाखवता आला नाही.

आता याच्या शेजारी १९८० चा पेपर ठेवा. स्टॅनफर्डच्या रिचर्ड मलिगन आणि पॉल बर्ग यांनी तो 'सायन्स'मध्ये छापला. त्यांनी ई. कोलायचं जीपीटी जनुक घेतलं, पण तसंच्या तसं टाकलं नाही. त्याला एसव्ही४० या माकडाच्या विषाणूच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणा जोडल्या, म्हणजे आपल्या जातीच्या पेशीला ते वाचता यावं. हे जनुक त्यांनी लेश-नायहान आजाराच्या रुग्णाच्या पेशींतही टाकलं. या पेशींत एचजीपीआरटी हे एन्झाइम नसतं, त्यामुळे हॅट नावाच्या माध्यमात त्या मरतात. जनुक मिळालेल्या काही पेशी मात्र तिथे जगल्या.

या पेपरची खरी ताकद पेशी जगण्यात नाही. जिवाणूचं एन्झाइम झँथिन हा पदार्थ वापरू शकतं, माणसाचं एन्झाइम तो जवळजवळ वापरत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसमध्येही दोन्ही वेगवेगळ्या जागी दिसतात. म्हणजे 'बनवलं कुणी' याचं उत्तर एन्झाइमच्या अंगावरच लिहिलेलं आहे. रुग्णाचं स्वतःचं जनुक योगायोगाने दुरुस्त झालं असेल, ही शंका इथे टिकत नाही.

तरी या पेपरलाही मर्यादा आहे. हॅट माध्यमात मेलेल्या पेशी दिसेनाशा होतात आणि जगलेल्याच समोर उरतात. त्यामुळे 'जनुक चालतं' हे सिद्ध होतं, 'उपचार होतो' हे होत नाही. बशीतल्या निवडक पेशी म्हणजे रुग्ण नव्हे.

आपल्याकडे हे इतकं काटेकोर का वाचायचं? सिकलसेल हा एन्झाइमच्या अभावाचा आजार नाही, पण त्याच्या नव्या उपचाराच्या बातमीतही जिवाणू येतोच. कॅस९ हे प्रोटीन मूळचं स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून त्यांत हे प्रोटीन तयार स्वरूपातच सोडतात. ते काप घेतं आणि काही काळाने नाहीसं होतं. जिवाणूचं जनुक रुग्णात बसवत नाहीत. 'जिवाणूचं जनुक टाकून सिकलसेल बरा' असा मथळा दिसला, तर तो चुकीचा आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ज्या घरात सिकलचा रुग्ण आहे, तिथे अशा मथळ्यावर आशा बांधली जाते. गावातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी म्हणून विचारणार तुम्हालाच आहेत.

म्हणून पुढचा पेपर हातात घेतलात की निष्कर्ष वाचण्याआधी वहीत चार ओळी लिहा. काय मोजलं? ते दुसरीकडून येऊ शकतं का? कुठल्या कंट्रोलने ती शक्यता मिटते? आणि दुसऱ्या कुणाला तेच दिसलं का? चौथीचं उत्तर पेपरमध्ये मिळणार नाही. त्यासाठी त्यानंतरच्या दहा वर्षांचे पेपर चाळावे लागतात. पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी निदान एका पेपरसाठी तरी हे करून बघा.