नोतोविच यांचें ‘अज्ञात ख्रिस्तचरित्र’ : एक परीक्षण

निकोलास नोतोविच या रशियन प्रवाशाचा फ्रेंच ग्रंथ पॅरिस येथें १८९४ सालीं प्रसिद्ध झाला. येशू ख्रिस्त चौदाव्या वर्षाच्या सुमारास व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर सिंधदेशीं आला, जगन्नाथ, राजगृह व काशी येथें राहिला, पुढें हिमालयांत बौद्ध ग्रंथ शिकला आणि २९ व्या वर्षीं स्वदेशीं परतला, असें हें चरित्र सांगतें. लडाखांतील हेमिस मठांत लामांनीं तें वाचून दाखविलें, दुभाष्यानें भाषांतर केलें व आपण टिपून घेतलें, असें ग्रंथकार म्हणतात. ग्रंथाला शंभरावर वर्षें लोटलीं, तरी त्याचा मोह ओसरलेला नाहीं. ख्रिस्ताचें नातें या देशाशीं जोडण्याची हौस मराठींतहि आहे. बाबाराव सावरकर यांचें ‘ख्रिस्त-परिचय’ हें १९४६ चें पुस्तक तिचेंच उदाहरण होय. भाविक मनुष्य अशा वाक्यांवर श्रद्धा ठेवून बसतो, म्हणून हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे.

या ग्रंथाचें खंडन बहुधा बाहेरच्या साक्षीवर केलें जातें. मॅक्समुल्लर यांनीं १८९४ मध्येंच विचारिलें कीं, असा ग्रंथ असता तर कंजूर व तंजूर यांच्या सूचींत तो कां नाहीं? आग्रा येथील सरकारी कॉलेजांतील प्राध्यापक डग्लस हे १८९५ सालीं स्वतः हेमिसला गेले. तेथील मुख्य लामांनीं, आपण पंधरा वर्षें येथें आहों, पाय मोडलेला कोणी साहेब या मठांत राहिला नाहीं व असा ग्रंथहि नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. ही साक्ष आम्ही मोलाची मानतों. परंतु तिला एक उत्तर नेहमीं तयार असतें : लामा परक्यांपासून ग्रंथ लपवितात. शिवाय स्वामी अभेदानंद १९२२ मध्यें हेमिसला गेले, आणि आपणांस तें हस्तलिखित दाखविण्यांत आलें, असें त्यांच्या बंगाली प्रवासवर्णनांत आहे. एका लामाचा नकार व दुसऱ्याचा होकार यांत वाद अडकला म्हणजे तो कधीं सुटत नाहीं.

आमच्या मतें निर्णय शुभवर्तमानांच्या पाठांतच आहे, आणि तिकडेच फारसें कोणी पाहत नाहीं. येशूच्या बाराव्या वर्षापासून सुमारें तिसाव्या वर्षापर्यंतचा काळ शास्त्रांत कोरा आहे, हें गृहीत धरूनच सारी कथा उभारलेली आहे. तो कोरा नाहीं. लूकाच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस मुलगा आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला, असें आहे. चौथ्या अध्यायांत नासरेथ हें त्याच्या वाढीचें गांव म्हटलें असून शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जाणें ही त्याची नित्याची रीत होती, असा उल्लेख आहे. मार्काच्या सहाव्या अध्यायांत गांवकरी त्याला सुतार म्हणून ओळखतात, त्याच्या आईचें व भावांचीं नांवें घेतात आणि याला हें ज्ञान आलें कोठून म्हणून अडखळतात. पंधरा वर्षें परमुलखांत घालवून आलेल्या मनुष्याविषयीं गांवांत हा प्रश्नच उठत नाहीं; उत्तर सर्वांच्या तोंडीं असतें. योहानाच्या सातव्या अध्यायांत यरुशलेमांतील विरोधक, हा कोणापाशीं शिकलेला नसतां याला विद्या कशी, असें पुसतात. निंदेला टपलेल्या लोकांना परदेशचा गुरु हें किती सोयीचें शस्त्र होतें! तें त्यांनीं उचललें नाहीं.

दुसरें स्थळ पिलाताचें. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत हात धुतो तो रोमन सुभेदार. हेमिसच्या चरित्रांत हात धुतात ते यहुदी याजक व वडीलजन, आणि दोष सारा पिलाताच्या माथीं येतो. मत्तयाचा प्रसंग डोळ्यांपुढें ठेवून कोणी तो उलटा केला आहे, असेंच आम्हांस वाटतें. व्यापाऱ्यांनीं तीन-चार वर्षांत आणलेल्या स्वतंत्र वार्तेची ही तऱ्हा नव्हे.

भारतीय अंगाविषयीं थोडक्यांत. पहिल्या शतकांतील ईसा त्रिमूर्तीचें व पुराणांचें खंडन करतो. पुरीचें आजचें मंदिर बाराव्या शतकांतील आहे. ‘ईसा’ हें रूप आपणांस कुराणामुळें परिचित. तिबेटी पोथी सुट्या लांब पानांची, दोन फळ्यांत ठेवून वस्त्रांत गुंडाळलेली असते. नोतोविच यांना मात्र बांधीव ग्रंथ दिसले. विखुरलेलीं वाक्यें आपणच क्रमानें लाविलीं, असें ते कबूल करितात, आणि मूळ पाठाची एक ओळहि छापीत नाहींत.

लेख पारखून घेण्याची शिकवण ख्रिस्ती शास्त्राबाहेरची नाहीं. थेस्सलनीकाकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल आपल्या नांवें आलेल्या खोट्या पत्रानें घाबरूं नका असें बजावितो, व शेवटीं आपल्या हातचें अक्षर हीच खूण असल्याचें कळवितो. (याच पत्राच्या कर्तृत्वाविषयीं विद्वानांत मतभेद आहे, हा योग मौजेचा.)

मूळ प्रत हरवली एवढ्यानें ग्रंथ बनावट ठरत नाहीं, हें संग्राहकांस सांगावयास नको. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून साल्डान्हा यांनीं तें १९०७ सालीं मंगळूर येथें छापिलें, आणि मार्सडेन यांच्या संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनमध्यें आहे. दोन लिपींतील प्रती ताडून पाहतां येतात, पाठभेद मोजतां येतात, लेखकाच्या चुका दाखवितां येतात. हेमिसच्या चरित्राचें असें एकहि पान कोणीं पुढें ठेविलेलें नाहीं.