अभ्यासक्रम नावाची समीक्षा

मराठीत समीक्षेची पुस्तके किती खपतात हे प्रकाशकांना विचारू नये. पण समीक्षेचा एक प्रकार असा आहे की तो दरवर्षी छापला जातो, पाठ केला जातो आणि त्यावर गुणही मिळतात. तो म्हणजे अभ्यासक्रम. कोणते पुस्तक घ्यायचे, त्यातली कोणती पाने, कोणत्या घटकाखाली आणि त्यावर प्रश्न कोणता विचारायचा, हे ठरवणे म्हणजे त्या पुस्तकावर निकाल देणेच असते. एका तालुक्याच्या गावी कला शाखेच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षे स्त्री-अभ्यासाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला. मूळची मी मराठीची शिक्षिका. स्त्री-अभ्यास हा माझा ‘अतिरिक्त कार्यभार’. त्यामुळे एकच पुस्तक दोन वर्गांत कसे दोन वेगळे होते, हे मला रोज पाहायला मिळाले. हा लेख त्याविषयी आहे.

मराठी मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. भारतात या विषयाची संस्थात्मक सुरुवात मुंबईत झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठात 1974 साली नीरा देसाई यांनी संशोधन विभाग उभा केला. स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवालही 1974 चाच. पुढे 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने केंद्रे सुरू केली. पुणे विद्यापीठातल्या केंद्रात विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव यांचा एकत्र विचार करणारी एक वाटच घालून दिली. ही झाली विद्यापीठांची गोष्ट. महाविद्यालयात हा विषय पोहोचतो तेव्हा त्याला विभाग नसतो, पद नसते, बहुधा खोलीही नसते. शेवटची सोयीची एसटी गाठायची असल्यामुळे मुली दोननंतर थांबू शकत नाहीत. म्हणून वेळापत्रकात जिथे फट सापडेल तिथे तासिका. आठ मार्चला रांगोळी, मेंदी, हिमोग्लोबिनची तपासणी आणि एखादे व्याख्यान, या सगळ्याचे फोटो नॅकच्या सातव्या निकषाच्या फाइलीत. तक्रार निवारण समिती, निर्भय कन्या अभियान आणि स्त्री-अभ्यास या तिन्ही गोष्टी बऱ्याच प्राचार्यांच्या लेखी एकच असतात आणि त्या एकाच बाईंकडे असतात. याबद्दल रडगाणे गायचे नाही. गाण्यासारखे पुष्कळ आहे, पण माझा मुद्दा पुस्तकांचा आहे.

ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ घ्या. 1882 साली पुण्यात छापलेले हे छोटे पुस्तक बुलढाण्याच्या एका मराठा स्त्रीने लिहिले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. नवजात बाळाला मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. पण दरम्यान वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या स्वैरपणावर तोंडसुख घेतले. ताराबाई चिडल्या आणि त्यांनी लिहिले. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मालशे साहित्याचे संशोधक, जुन्या कागदपत्रांत रमणारे. आज स्त्री-अभ्यासाचा आधारग्रंथ मानले जाणारे हे पुस्तक एका वाङ्मयीन संशोधकाने शोधून हाती दिले, हे आमच्या घटकांमध्ये कुठेच येत नाही. येते ते ‘आद्य स्त्रीवादी विचारवंत’ हे बिरूद आणि त्याखाली विचारांचे पाच-सात मुद्दे: विधवाविवाह, दुहेरी मापदंड, धर्मग्रंथांची चिकित्सा वगैरे.

मुद्दे चुकीचे नाहीत. पण ताराबाईंनी मुद्दे लिहिलेले नाहीत, त्या भांडल्या आहेत. शास्त्रांनी आणि नाटककादंबऱ्यांनी बायकांच्या माथी मारलेले एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि तोच पुरुषाच्या पदरात टाकतात. सावित्रीने नवऱ्याला यमाकडून परत आणले म्हणता, मग बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एक तरी नवरा दाखवा, अशा थाटात. यात तर्क आहे, पण तो पाणवठ्यावरच्या भांडणाचा तर्क आहे: समोरच्याचाच शब्द धरायचा आणि त्याच्यावर उलटवायचा. सभ्य निबंधाची भाषा त्या काळी पुण्यामुंबईच्या शिकलेल्या पुरुषांनी घडवत आणली होती. ताराबाईंनी ती बाजूला सारली आणि बायकांच्या तोंडची भाषा छापली. विचार इथे शैलीत आहे. शैली काढली की उरतात त्या नोट्स. वर्गात मी हे पुस्तक मोठ्याने वाचायला लावले तेव्हा मुली हसल्या. ‘ही तर आमच्या चुलतीसारखी बोलते,’ असे एकजण म्हणाली. परीक्षेत मात्र तिनेही ‘ताराबाईंनी पितृसत्ताक व्यवस्थेची चिकित्सा केली’ असेच लिहिले. दोष तिचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘विचार स्पष्ट करा’ असे विचारले की चुलती हद्दपार होते.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’च्या बाबतीत गोष्ट याहून गंभीर आहे. 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने आलेले हे लेखन आमच्या महाविद्यालयात दोनदा शिकवले जायचे. मराठी विभागात ‘दलित आत्मकथन’ म्हणून: अनुभवाची दाहकता, बोलीचा वापर, सामाजिक दस्तऐवज. आणि स्त्री-अभ्यासात ‘दलित स्त्रीचे दुहेरी शोषण’ म्हणून. एका वर्गात ते पुरेसे बाईचे नसते, दुसऱ्यात पुरेसे पुस्तक नसते. आणि दोन्हीकडे ते पुरावा म्हणूनच उभे केले जाते.

स्त्री-अभ्यासाच्या बाजूने याला एक वैचारिक आधारही आहे. शर्मिला रेगे यांच्या ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ या 2006 च्या इंग्रजी ग्रंथाने दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. लॅटिन अमेरिकेतून आलेली ‘टेस्टिमोनिओ’ ही कल्पना त्यांनी वापरली: एका व्यक्तीची कहाणी नव्हे, समूहाच्या वतीने दिलेली साक्ष. मराठी समीक्षेने या पुस्तकांना ‘अनुभव’ म्हणून गौरवून कोपऱ्यात बसवले होते. रेगे यांनी त्यांना ज्ञानाचा दर्जा मागितला. हे ऋण मोठे आहे आणि मी ते मानते. पण कल्पना अभ्यासक्रमात उतरली तेव्हा तिचे फक्त नाव उतरले. ‘साक्ष’ हा शब्द मराठीत आला की त्याच्या मागोमाग कोर्ट येते. साक्षीदार पिंजऱ्यात, न्यायाधीश उंचावर. बेबीताईंच्या पुस्तकाचा न्यायाधीश कोण? आमच्या अभ्यासक्रमाने गृहीत धरले की तो विद्यार्थी.

पुस्तक वाचले तर वेगळेच दिसते. वीरगावच्या महारवाड्याचे जिणे सांगणारी ही बाई कोणासमोर उभी राहून दाद मागत नाही. ती सतत ‘आम्ही’ म्हणते आणि तो ‘आम्ही’ ज्यांना ठाऊक आहे अशांशीच बोलते. आषाढातली धांदल, देवदेवस्की, अंगात येणे, सणाची न्हाणीधुणी यांत ती रंगून जाते. त्यात विनोद आहे, चेष्टा आहे, खाण्यापिण्याचे कौतुक आहे. आणि त्याच ओघात, आवाज न चढवता, पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवल्याचे येते, नाक कापलेल्या बायका येतात. उत्तरपत्रिकेत खोडा येतो, नाक येते. आषाढ येत नाही. हसू वजा करून उरलेले शोषण ‘दुहेरी’ असो की ‘तिहेरी’, त्याला बेबीताईंचा आवाज नसतो. आनंदाच्या मध्येच क्रूरता कशी बेमालूम राहते, हे त्या पुस्तकाचे सांगणे आहे आणि ते केवळ रचनेतून सांगितलेले आहे. असे एकही वाक्य सापडत नाही की जे फळ्यावर लिहून देता येईल.

पुस्तकाचा उत्तरार्ध तर अभ्यासक्रमाने जवळजवळ टाकूनच दिलेला आहे. बाबासाहेबांच्या शब्दावर बायकांनी पोरे शाळेत घातली, त्यासाठी काय काय सोसले, हे सांगून झाल्यावर बेबीताई शिकलेल्यांकडे वळतात. ज्यांच्या जिवावर शिकलात त्यांना विसरलात, असा त्यांचा रोख आहे. ही साक्ष नव्हे, ही कानउघाडणी आहे. आणि ती ज्यांची करायची ते शिकलेले लोक आमच्या वर्गात बसलेले होते. काहींचे आजीआजोबा अशाच वाड्यांतून आलेले. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलेल्या मुलीला पुस्तक म्हणत असते, उठ, मी तुझ्याशीच बोलतेय. वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या मुलींना त्यातून वेगळेच काही ऐकू येते: आपण इथे बोलण्यातच नाही, आपल्यासमोर आणि आपल्याविषयी बोलणे चालले आहे. दोन्ही वाचने एकाच बाकावर शेजारी घडतात. ‘दुहेरी शोषण स्पष्ट करा’ या प्रश्नाने दोघींचीही सुटका होते.

आता भाषांतराची गाठ. माया पंडित यांनी हे पुस्तक 2008 मध्ये ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या नावाने इंग्रजीत नेले, त्यामुळे ते देशभर वाचले गेले. या नियतकालिकाच्या अनेक वाचकांनीही ते तिथेच वाचले असेल. नावातच मोठे अंतर आहे. ‘जिणं’ ही चालू असलेली गोष्ट आहे, ‘तुरुंग फोडले’ ही पार पडलेली. इंग्रजी आवृत्तीत शेवटी लेखिकेची मुलाखत आहे. तिच्यात बेबीताई नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी बोलतात, फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून वर्षानुवर्षे लपवून लिहिल्याचे सांगतात. हे मराठी पुस्तकात नाही. तेव्हा इंग्रजी वाचकाला ‘आम्ही’च्या शेवटी एक ‘मी’ भेटते, मराठी वाचकाला भेटत नाही. भाषांतरकर्तीने विचारले, उत्तर मिळाले, चांगलेच झाले. पण हे आपल्या बाबतीतच विशेष घडले असे बेबीताई मानत नाहीत, हेही त्याच मुलाखतीतून कळते. स्वतःचा मार पुस्तकात न घालणे याला आमच्या नोट्समध्ये ‘मौन’ म्हणतात, जणू ती घाबरली. मला तो लेखिकेचा निर्णय वाटतो: सगळ्यांच्या वतीने बोलायचे तर आपले दुखणे वेगळे काढून मांडायचे नाही. यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. तो वाद वर्गात घालण्यासाठी मराठी पुस्तक आणि इंग्रजी मुलाखत दोन्ही टेबलावर हवीत. प्रत्यक्षात आमच्याकडे होत्या त्या इंग्रजी लेखांवरून मराठीत केलेल्या नोट्स. म्हणजे फलटणमध्ये मराठीत लिहिलेले पुस्तक इंग्रजीत जाऊन, तिथल्या चर्चेत मुरून, परत मराठीत येताना ‘आंतरछेदिता’ झालेले.

या शब्दांविषयीही बोलले पाहिजे. ‘लिंगभाव’ हा शब्द उत्तम घडला. त्यात भाव आहे, म्हणजे जन्मापेक्षा घडणे आहे. ‘परित्यक्ता’ मात्र मला कधीच पटला नाही. गावात म्हणतात ‘टाकलेली’. त्यात टाकणारा दिसतो, हाताची हालचाल दिसते. संस्कृतात गेल्यावर ती एक अवस्था झाली, कोणी काही केलेच नाही जणू. एका मुलीने शब्दार्थाच्या चाचणीत ‘परित्यक्ता’समोर ‘संन्यासी बाई’ असे लिहिले होते. मला ते उत्तर शब्दावरची चांगली टीका वाटली.

याचा अर्थ स्त्री-अभ्यासाने सिद्धान्त सोडून नुसते रसग्रहण करावे असा नाही. रसग्रहणाच्या नावाखाली मराठी विभागाने पन्नास वर्षे काय केले ते मी आतून पाहिले आहे. ताराबाईंना तिथे जागा नव्हती, कारण त्या ‘ललित’ नव्हत्या. मुक्ता साळवे यांचा 1855 सालचा ‘ज्ञानोदय’मधला निबंध तिथे नव्हता, कारण तो शाळकरी मुलीचा. या बायकांना दार उघडले ते स्त्री-अभ्यासानेच. तक्रार इतकीच की आत घेतल्यावर त्यांना बोलू न देता त्यांच्याविषयी माहिती सांगितली जाते.

नव्या शैक्षणिक धोरणात हा विषय दोन श्रेयांकांचा होऊन आला. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. आराखड्याच्या बैठकीत पहिला घटक नेहमीचाच होता: स्त्रीवादाचे प्रकार, म्हणजे उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल आणि पुढे. दहा तास. मी सुचवले की हे दहा तास ‘जिणं आमुचं’ अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचायला द्यावेत, प्रकार त्यातून निघतील ते निघतील. ‘मग परीक्षेला काय विचारणार?’ असा प्रश्न आला. मी म्हटले, हे पुस्तक कोणाशी बोलते, एवढेच विचारू. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी पाच तास मिळाले, आणि प्रकार पाच तासांत बसवायचे ठरले. पाच तासांत पुस्तक संपत नाही. आषाढापर्यंत जाता येते. उरलेले मुली एसटीत वाचतात.