कलाटणीची तारीख : १८६३ च्या मुक्तिघोषणेचे अध्यापन

जगाच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या घटना आपल्या अध्यापनात बहुधा एका तारखेत बंदिस्त होतात. ‘लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांना मुक्त केले’ हे विधान विद्यार्थी हमखास लिहितात व परीक्षक त्यास गुणही देतात. वस्तुतः ही घोषणा केवळ बंडखोर प्रदेशास लागू होती. संघराज्यात राहिलेल्या केंटकी, डेलावेअर, मेरीलँड व मिसुरी या राज्यांतील गुलामगिरीस तिने स्पर्श केला नाही. टेक्सासमध्ये अंमलबजावणीस जून १८६५ उजाडला; तेरावी घटनादुरुस्ती त्याच वर्षी डिसेंबरात संमत झाली.

मग १८६३ ला कलाटणी का म्हणावे? कारण संघराज्य टिकविण्याच्या युद्धास मुक्तीचे उद्दिष्ट जोडले गेले आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे खुली झाली. युद्धाअखेर सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघसैन्यात लढले होते. त्यापूर्वीच हजारो गुलामांनी मळे सोडून संघसैन्याच्या छावण्या गाठल्या होत्या. ‘मुक्तिदाता लिंकन’ या शीर्षकाखाली हे कर्तृत्व झाकले जाते, हा प्रस्तुत लेखिकेचा मुख्य आक्षेप आहे.

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. एकट्या राष्ट्राध्यक्षाला नव्हे. मराठीच्या तासाला परिचित असलेली ही अर्पणपत्रिका इतिहासाच्या तासाला मात्र क्वचितच उघडली जाते. शिवाय १८७७ मध्ये दक्षिणेतील संघीय लष्करी संरक्षण संपल्यावर कृष्णवर्णीयांचे मताधिकार कसे हिरावले गेले, हा प्रश्न १८६३ च्याच पाठात विचारावयास हवा.