आजोबांचे बेट आणि नातीचे विस्मरण

किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या रहस्यकथेची गंभीरपणे समीक्षा करावी काय, अशी शंका कोणी काढील. ई. लॉकहार्ट यांच्या ‘वी वेअर लायर्स’ या इंग्रजी कादंबरीपुरते आमचे उत्तर होकारार्थी आहे. एमिली जेन्किन्स या अमेरिकन लेखिकेने लॉकहार्ट या टोपणनावाने ती २०१४ साली प्रसिद्ध केली. २०२५ साली तिच्यावरून मालिकाही निघाल्यामुळे आपल्या घरांतील मुलांपर्यंत ही कथा पोहोचण्याचा संभव आहे. रहस्य उघड केल्यावाचून तिची चर्चा होऊ शकत नाही. ज्यांना ते राखून ठेवायचे असेल, त्यांनी आधी पुस्तक वाचावे.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडे सिंक्लेअर घराण्याचे एक खाजगी बेट आहे. तेथे हॅरिस आजोबांचे मोठे घर आणि त्यांच्या तीन मुलींची तीन घरे. थोरली नात केडन्स, तिची भावंडे जॉनी व मिरेन, आणि जॉनीच्या आईच्या मित्राचा भारतीय वंशाचा पुतण्या गॅट, असे चौघे दर उन्हाळा तेथे एकत्र घालवतात. पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात केडन्सला एक अपघात होतो. त्या उन्हाळ्यातील बहुतेक सारे ती विसरते आणि पुढे भयंकर डोकेदुखीने ग्रासली जाते. दोन वर्षांनी ती बेटावर परतते व आठवणींचे तुकडे जुळवू लागते. अखेरीस उमगते ते असे : वडीलधाऱ्यांच्या भांडणांना विटून या चौघांनीच आजोबांचे घर पेटवले होते, आणि त्या आगीतून केडन्स एकटीच वाचली होती.

आमच्या मते या कादंबरीचे खरे रहस्य आगीत नसून मृत्युपत्रात आहे. कोणते घर कोणाला मिळणार, हे आजोबा कधी निश्चित सांगत नाहीत. एकीला आशा लावतात, दुसरीला धाक घालतात. मग मुली आपापल्या अपत्यांना आजोबांची मनधरणी करावयास धाडतात. लेखिकेने मधून मधून राजा आणि त्याच्या तीन कन्या यांच्या परीकथा पेरल्या आहेत, त्यांचा रोख हाच. वकिलीच्या सवयीने आमच्या मनात आले की, हा खेळ चालतो तो त्या देशातील कायद्यामुळे. तेथे बाप सज्ञान मुलांना वारशातून पूर्णपणे वगळू शकतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला आणि २०१२ च्या वारसा कायद्याने कायम ठेवलेला नियम वेगळा आहे : मुले असता निम्म्याहून अधिक संपत्ती मृत्युपत्राने इतरत्र देता येत नाही. त्यामुळे आपल्याकडील भाऊबंदकी संपली, असे म्हणण्याचे धाडस कोणीही वकील करणार नाही. परंतु निदान निम्म्यापुरता तरी मुलांचा हक्क वडिलांच्या मर्जीवर टांगलेला राहत नाही.

विस्मरणाचा उपयोग लेखिकेने कसा केला, हेही पाहण्यासारखे आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून राजाला दोषमुक्त केले. लॉकहार्ट यांच्या कादंबरीत विस्मरण कोणालाही दोषमुक्त करीत नाही. केडन्सचे विसरणे हा त्या घराण्याच्या शिकवणुकीचाच शेवटचा टप्पा आहे. वडील घर सोडून गेले तेव्हा आईने त्यांच्या वस्तू काढून टाकल्या आणि मुलीला नीट वागण्याची ताकीद दिली. आजी वारल्यावर तिचे नाव काढायचे नाही, असा जणू नियमच झाला. ज्या घरात दुःखाचा उच्चार हा असभ्यपणा ठरतो, त्या घरातील मुलीने आपले असह्य दुःख स्वतःपासूनही लपवावे, यात नवल ते काय?

शेवट वाचून आपली फसवणूक झाली, अशी तक्रार काही वाचक करतील. ती आम्हांस मान्य नाही. निवेदिका खोटी साक्ष देत नाही. जे तिला ठाऊक नाही तेवढेच ती सांगत नाही. पुरावा मात्र पानोपानी आहे. तिची तिन्ही सोबती मंडळी मोठ्यांच्या पंगतीला येत नाहीत, तिच्या पत्रांना त्यांच्याकडून उत्तर आलेले नसते, त्यांच्याशी इतर कोणी बोलताना दिसत नाही. दुसऱ्या वाचनात ही पाने अधिकच व्याकूळ करतात.

दोष आहे तो गॅटच्या चित्रणात. त्याचे आडनाव पाटील आहे, हे वाचून मराठी वाचक क्षणभर थबकतो. ज्या नावामागे आपल्याकडे गावची वतनदारी उभी राहते, ते धारण करणारा मुलगा येथे परक्याच्या बेटावरचा कायमचा पाहुणा आहे. आजोबा त्याला नावानेही हाक मारीत नाहीत. हा विरोधाभास लेखिकेच्या हाती होता. परंतु गॅटचे घर, त्याची आई, त्याची भाषा यांविषयी ती फारच थोडे सांगते. श्रीमंतांना त्यांच्या श्रीमंतीची जाणीव करून देणे आणि नायिकेचे प्रेम होणे, एवढेच काम त्याला दिले आहे. त्याच्या मृत्यूचा शोकही आपण सिंक्लेअरांच्याच खिडकीतून पाहतो. घराण्याच्या ज्या आत्ममग्नतेवर कादंबरी टीका करते, तिच्यातून ती स्वतः पूर्णपणे सुटलेली नाही.

तरीही आम्ही हे पुस्तक वाचनीय मानतो. ते मुलांच्या हाती देण्यास आमची हरकत नाही. मात्र वडीलधाऱ्यांनी ते आधी स्वतः वाचावे. वाटणीचा प्रश्न ज्या घरी अजून बोलला गेलेला नाही, त्या घरी तर अवश्य वाचावे. आग लावणारे हात मुलांचे होते, हे खरे. परंतु ते सरपण अनेक वर्षे कोणी रचले होते, याचा निवाडा लेखिकेने वाचकांवर सोपवला आहे.